चिऱ्याची भट्टी

माझा नवरा मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात पिझ्झा करायचा. हे कोणालाही सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "नुसता पिझ्झाच?" हो, नुसता पिझ्झाच. आमच्या लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली. त्यातली बहुतेक वर्षं तो तिकडे मैद्याचे गोळे थापत होता आणि मी इकडे, रत्नागिरीपासून अर्ध्या तासावरच्या या गावात, त्याच्या आईबरोबर कोकमाचं आगळ काढत होते, आंबापोळ्या वाळवून विकत होते. वर्षातून एकदा तो महिनाभर यायचा. सुरुवातीचे दिवस पाहुण्यांत जायचे, शेवटचे बॅगा भरण्यात, आणि मधे जो काही उरेल तो आमचा संसार. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे. एवढ्या मनस्तापावर इतकी मुभा मला असावी.

गेल्या वर्षी तो गणपतीच्या आधी आला आणि आल्या आल्या म्हणाला, "या खेपेला जास्त दिवस राहीन. इथेच रस्त्याकडेला भट्टी घालून बघतो. चालली तर चालली, नाहीतर व्हिसा आहेच."

सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की तिकडचा व्हिसा जातो, हे आखातातल्या माणसाच्या बायकोला पाठ असतं. म्हणजे सहा महिन्यांच्या आत भट्टी चालायला हवी होती. मला पिझ्झाचं काही पडलेलं नव्हतं. मला नवरा घरी हवा होता. मुलीचं बारसं त्याने फोटोत बघितलं, तिची दहावी फोनवर ऐकली, आता ती पुण्याला शिकायला गेली. घरात मी आणि सासूबाई. दोघी एकमेकींना किती वर्षं पुरणार? तेव्हा मी ठरवलं, की तो म्हणेल ते करायचं, म्हणेल ते खायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं. मला ओळखणाऱ्यांना यातलं शेवटचं किती अवघड होतं ते सांगायला नको.

पहिली ठिणगी माझ्याच पिझ्झावरून पडली. आपल्याकडचा पिझ्झा कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. बेकरीतून आणलेली गोडसर जाड चकती, तिच्यावर बाटलीतला सॉस, त्यावर कोबी, सिमला मिरची, कांदा, वरून किसलेलं चीज, आणि तव्यावर झाकण ठेवून मंद आच. मुलगी लहान असताना दर वाढदिवसाला मी तो करायचे आणि वाडीतली पोरं ताटं चाटायची. कौतुकाने मी तो नवऱ्यापुढे ठेवला. त्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "चांगलं आहे. पण हा पिझ्झा नव्हे."

"मग काय आहे?"

"टोस्ट आहे. भाजी घातलेला."

त्या दिवसापासून जेवताना रोज व्याख्यान सुरू झालं. मस्कतला त्याच्या वर एक इटालियन आचारी होता, त्याने याला सगळं शिकवलेलं. पिझ्झा म्हणजे नेपल्सच्या बंदरातल्या हमालांचं आणि कोळ्यांचं खाणं. डोक्यावर डबा घेऊन पोरं गल्लीगल्लीत विकायची, लोक उभ्या उभ्या घडी घालून खायचे. बड्या लोकांच्या पानात त्याला जागा नव्हती. आधी त्यावर टोमॅटोही नसायचा. टोमॅटो जहाजातून पलीकडच्या खंडातून आला आणि कितीतरी काळ लोक त्याला विषारी समजून हात लावत नव्हते. नुसता टोमॅटो, लसूण, तेल घातलेला तो खलाशांचा पिझ्झा. त्यावर चीजच नसतं. हे ऐकून मी म्हणाले, आपला काजूसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजातूनच आला आणि आज आपण तो बापजाद्यांचा म्हणून मिरवतो. त्यावर तो खूश झाला आणि व्याख्यान आणखी लांबलं. नेपल्सचा मऊ, मधे ओलसर, कडेला करपलेल्या ठिपक्यांचा. रोमचा पातळ आणि कुरकुरीत. तिथे मोठ्या ट्रेमध्ये भाजून चौकोनी तुकडेही कापून देतात. सिसिलीचा जाड, स्पंजासारखा. तिथून माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली आणि त्यांनी तो परातीएवढा केला, वर चीजचा चिखल घातला.

सासूबाई मन लावून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे भाकरीच ना रे ती? वर कालवण ओतलेली."

"तसंच काहीतरी, आई."

"मग त्याला इतकं बोलायचं कशाला?"

मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली.

पीठ भिजवणं सुरू झालं आणि माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. मैदा, पाणी, मीठ, चिमूटभर यीस्ट. चारच वस्तू, पण आमच्या ओट्यावर त्यांनी थैमान घातलं. मस्कतला कोरडी हवा आणि एसीचं स्वयंपाकघर. इथे भाद्रपदातली हवा अशी, की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. तिथल्या मापाने भिजवलेलं पीठ इथे हाताला गोंदासारखं चिकटायचं. ते म्हणे दोन दिवस थंडीत हळूहळू आंबायला लागतं, म्हणजे त्याला चव येते. दुपारी वीज गेली की फ्रीजमधलं पीठ डब्याचं झाकण उचलून बाहेर यायचं आणि खालच्या कप्प्यातल्या सुरमईवर सांडायचं. मी पुसायचे. तो म्हणायचा, "तिकडे असं कधी झालं नाही."

तिकडे असं कधी झालं नाही. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल! तिकडे मैदा वेगळा, तिकडे चीज वेगळं, तिकडे तुळस वेगळी. एकदा मी म्हणणार होते, की तिकडे बायकोही ठेवायची होती वेगळी. पण व्हिसा आठवला आणि मी गप्प बसले.

दिवाळीनंतर पाऊस पुरता उघडला आणि भट्टीचं काम निघालं. आमच्या रत्नागिरीत घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, देऊळ चिऱ्याचं, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा. जमीनच जांभ्याची, तिच्यातून कापलेला तांबडा चिरा सोडून दुसरं काही बांधायला घ्यावं असं इथे कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. मागच्या परड्यात कुंपणाचे उरलेले चिरे रचलेले होते, सगळा पावसाळा उघड्यावर भिजलेले. गवंडी म्हणाला, "घुमटच पायजे ना? विहीर कशी गोल बांधतो, तसंच वर बांधत न्यायचं." नवऱ्याला भट्टी किती तापली पाहिजे ते माहीत होतं, पिझ्झा कुठे ठेवायचा, कधी फिरवायचा, दीड मिनिटात कसा काढायचा, सगळं माहीत होतं. पण भट्टी बांधतात कशी ते त्याने जन्मात बघितलं नव्हतं. तिकडे ती आयती आली होती. चिरे छान तासले, सिमेंटात बसवले, घुमट उभा राहिला. दिसायला इतका देखणा, की येणारे-जाणारे मोटारसायकल थांबवून फोटो काढायला लागले. मीसुद्धा मुलीला पाठवला.

आता शहाण्या माणसाने काय करावं? आत छोटा जाळ करून चार दिवस भट्टी सुकवावी, मग मोठा जाळ करून बघावा. नवऱ्याच्याही मनात तेच होतं. पण सासूबाई आडव्या आल्या.

"गाऱ्हाणं घातल्याबिगर विस्तव घालायचा नाय."

आमच्याकडे कोणतंही नवं काम देवापुढे बोलून सुरू होतं. गावातला जाणता माणूस नारळ धरून देवाला सगळं सविस्तर सांगतो, आणि भोवतीची मंडळी प्रत्येक वाक्यावर 'होय महाराजा' म्हणतात. त्याशिवाय नव्या चुलीत काडी लावायची नाही. बरं, गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही, त्याला माणसं लागतात. माणसं बोलावली की त्यांना काहीतरी द्यायला हवं, आणि पिझ्झाच्या भट्टीच्या गाऱ्हाण्याला पोहे कसे देणार? म्हणजे पहिला जाळ, पहिला पिझ्झा आणि सगळी वाडी, एकदमच. मी नवऱ्याला म्हणाले, "आईंना समजवा." तो म्हणाला, "जाऊ दे ना, काय होतंय." दोघांच्या मधे मी कशाला पडू? पडायला हवं होतं.

शिवाय माझाही थोडा स्वार्थ होता. गाऱ्हाणं घालणारे आजोबा आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की ह्यांना परत जावं लागू नये असंही घाला. ते हसले, "घालतो गो, त्यात काय."

वाडी जमली. बाया, पोरं, मुंबईहून सुट्टीवर आलेले दोघे-तिघे. आजोबांनी नारळ धरला.

"हे देवा महाराजा! आज तुझ्या लेकरान नवी भट्टी घातली हाय, तीत तो पिझ्झा का काय ता करणार हाय, त्याला यश दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाला चव दे, कोणाची नजर लागली असंल ती दूर कर रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि पोटासाठी घरदार सोडून परत तिकडं जायाची पाळी ह्याच्यावर आणू नको रे महाराजा!"

त्या 'होय महाराजा'त माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. मला लाज वाटली नाही. शेजारी उभा राहून तोही म्हणाला.

नारळ फुटला, विस्तव घातला. आधी नारळाची सोडणं आणि करवंट्या, मग आकेशियाची सुकी लाकडं. माणसं ताटकळलेली, पोरं "झाला का, झाला का" करतायत, म्हणून त्याने जाळ वाढवत नेला. थोड्या वेळाने घुमटाच्या बाहेरच्या बाजूला घाम फुटला. खरंच, चिऱ्यांतून पाण्याचे थेंब पाझरायला लागले. बाया म्हणाल्या, देव प्रसन्न झाला. त्याने पहिला पिझ्झा थापला, हातावर फिरवला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, लांब दांड्याच्या फावड्यावरून तो अलगद आत सोडला. आणि आत फटाका वाजला.

मग दुसरा, तिसरा. भिजलेला चिरा, त्याच्या भोकाभोकांत पावसाळ्याचं पाणी, वाफ होऊन ती जाणार कुठे? ढलप्या उडायला लागल्या. आम्ही पोरांना मागे ओढलं. घुमटाला वरपासून खालपर्यंत चीर गेली, मधले दोन चिरे सुटले आणि थेट पिझ्झावर पडले. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब. धुरळा खाली बसला. आणि मुंबईहून आलेला एकजण मागून म्हणाला, "होय महाराजा!"

वाडी पोट धरधरून हसली. काहीजण मला बघून थांबले, काही थांबले नाहीत. नंतर प्रत्येकजण मला येऊन सांगायला लागला, की मला वाटलंच होतं. चिरा तापवतात काय? विस्तवाजवळ चिरा? मी विचारलं, वाटलं होतं तर भट्टी अख्खी उभी राहीपर्यंत इथे फोटो कसले काढत होतात? आजोबा म्हणाले, "चिडू नको गो." मी चिडले नव्हते. मी पेटले होते. मग मी सगळ्यांना पोहे केले, कारण करावेच लागले.

त्या संध्याकाळी तो पडवीत बसून म्हणाला, "एजंटला फोन करतो. जातो परत."

मी उठले. आत जाऊन त्याची बॅग माळ्यावरून काढली, पुसली आणि त्याच्यासमोर आणून ठेवली. ती तिथेच पडून राहिली. तो फोन करेना, भट्टीकडे बघेना. सकाळी उठून बाजारात जायचा, मासळी आणायचा, दुपारी झोपायचा. मी म्हणाले, कोल्हापूरकडे भट्टीच्या पक्क्या विटा मिळतात, त्या आणू. "बघू." मी म्हणाले, विटा नकोत तर मातीची घालू. "बघू." मग मी त्याला सुरमई करून घातली, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचं सुकं करून घातलं, त्याने शिकवलेला सॉस त्याच्यासमोर शिजवला, तो मुद्दाम बिघडवला, निदान मला ओरडायला तरी उठेल म्हणून. तो बिघडलेला सॉस पावाला लावून खाऊन मोकळा झाला.

पौष संपत आला. सहा महिने भरायला आले. मी रोज उठल्यावर मनातल्या मनात उरलेले दिवस मोजायचे आणि कोणाशी बोलायचे नाही. राहिला तर राहिला म्हणावं, गेला तर गेला, पण हा माणूस ना धड इथे होता ना तिथे. शेवटी एकदा मासे साफ करता करता माझा तोल गेला. सासूबाई तिथेच बसल्या आहेत याचंही भान राहिलं नाही.

"अहो, फोन करायचा असेल तर करा. नसेल करायचा तर ती बॅग माळ्यावर टाका. मला काहीतरी एक सांगा. मी काय रोज तुमच्या तोंडाकडे बघत बसू?"

त्याने बॅगेकडे बघितलं. मग म्हणाला, "कॅन्सल होऊनच आलोय."

तिकडून कॅन्सल होणं म्हणजे काय ते या किनाऱ्यावर पोरालाही कळतं. हॉटेलाने नवीन मशीन आणलं होतं. एका बाजूने कारखान्यातून आलेला गोठवलेला पिझ्झा पट्ट्यावर ठेवायचा, दुसऱ्या बाजूने भाजून बाहेर. त्याला ना भट्टी लागते ना भट्टीवाला. इटालियन आचारी आधीच गेला होता. मग याला आणि आणखी तिघांना पाठवून दिलं. हे सगळं गणपतीच्या आधीचं. व्हिसा तेव्हाच गेला होता.

"मग 'नाहीतर व्हिसा आहेच' कशाला म्हणालात?"

"काय सांगू? हाकललं म्हणून?"

सासूबाई उठून आत गेल्या. मी हातातला बांगडा तसाच धरून उभी होते. लग्न झाल्यापासून मी एकच गोष्ट मागत होते, की हा घरी राहावा. ती मला सहा महिन्यांपूर्वीच मिळाली होती आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी गाऱ्हाण्यात ओळ घालायला लावली, आणि हा माझ्या शेजारी उभा राहून, सगळं माहीत असून, 'होय महाराजा' म्हणाला! रोज दिवस मोजत मी झुरले ते सगळं फुकट. आणि त्याहून वाईट ते वेगळंच. मला वाटत होतं, तो राहायचं की जायचं ते ठरवतोय. मला तोलतोय, घराला तोलतोय. तो काहीच तोलत नव्हता. त्याला जायला जागा नव्हती म्हणून तो माझ्याजवळ होता. मला हवं होतं तेच झालं होतं, पण असं नको होतं हो.

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग बोलले, कारण विटांचा टेम्पो आला. त्याने न सांगता मागवल्या होत्या. या वेळी भट्टी लहान घातली, विटांची, वरून मातीचा जाड लेप. रोज करवंट्यांचा एवढासा जाळ करून ती सावकाश सुकवली. नव्या गाऱ्हाण्याचा सासूबाईंनी आग्रह धरला नाही. म्हणाल्या, "मागचं आहे की घातलेलं."

भट्टी चालते आहे. फार नाही, पण चालते. समुद्राकडे जाणारे पर्यटक थांबतात, वाडीतली पोरं येतात. तो अजून प्रत्येकाला नेपल्सची गोष्ट सांगतो आणि लोक ऐकून घेऊन विचारतात, "यावर मका मिळेल का?" पहिला महिनाभर तो मक्याला नाही म्हणाला. मग मीच मक्याचा डबा आणून त्याच्यासमोर ठेवला. आता तो थापतो आणि भाजतो, वरचं मी घालते. माझा राग गेलेला नाही. पण पीठ चांगलं झालं की तो ते मला दाबून बघायला लावतो आणि मी बघते.

परवा मे महिन्याच्या सुट्टीत वरच्या घरातली जाऊबाई आली. मुंबईला असते, लांबच्या नात्यातली. बाकावर बसली, मार्गरीटा सांगितला, पदराने वारा घेतला आणि भट्टीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "काय भावोजी, बरेच दिवस झाले यंदा! परत कधी जाताय?"

बाकावर आणखी चार माणसं होती. त्याने फावडं हातात घेतलेलं तसंच राहिलं. तो तिच्याकडे बघेना, माझ्याकडे बघेना. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते, आणि ते विस्तवाने नव्हते.

"पावसाच्या आधी," मी म्हणाले. "तिकडून सारखे फोन येतायत. हेच नको म्हणतायत, पण ते सोडायला तयार नाहीत."

असं हसत हसत म्हणाले, की माझं मलाच नवल वाटलं.

"मग जा बाबा जा," जाऊबाई म्हणाली. "इथं राहून काय करणार? इथं आहे काय!"

मी मान डोलावली आणि तिच्या पिझ्झावर चीज थोडं कमीच घातलं.